बॅन केलेला परत येतो, भलताच अडकतो: आयआरसी सर्व्हरवर बंदी नेमकी कशावर घालायची?

आयआरसी म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी सोय. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या आमच्या आयआरसी सर्व्हरवर दोन तक्रारी नेहमी जोडीने येतात. पहिली चॅनल, म्हणजे गप्पांची खोली, सांभाळणाऱ्या ऑपरेटरची: "शिव्या देणाऱ्याला बॅन केलं, पाच मिनिटांत तोच माणूस दुसऱ्या नावाने हजर." दुसरी एखाद्या सभासदाची, बहुतेक वेळा ऐरोली-घणसोलीकडून: "मी कुणाला काही बोललो नाही, तरी मला आत येता येत नाही." दोन्हीचं मूळ एकच आहे. सर्व्हरला माणूस दिसत नाही. त्याला दिसतात त्या जोडणीबरोबर आलेल्या चार-सहा खुणा, आणि बंदी त्यांतल्याच एखाद्या खुणेवर बसते. खूण चुकली की नको तो सुटतो आणि नको तो सापडतो.

आमची मांडणी अशी: अनरियल आयआरसीडी ६ हा सर्व्हर, खाती सांभाळायला ॲनोप, आणि ब्राउझरमधून येणाऱ्यांसाठी एक वेब गेटवे. मशीन महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. सभासद म्हणजे कॉलेजची मुलं, रबाळे-महापेच्या कंपन्यांत काम करणारे, मराठी टंक आणि लिनक्स यांची आवड असलेले लोक. दुसरा सर्व्हर वापरत असाल तर कमांडची नावं बदलतील, तत्त्व तेच राहील. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरंच टाकायची.

खुणा कोणत्या आणि त्यांना किंमत किती

आयआरसी १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने सुरू केलं. तेव्हा लोक यायचे ते विद्यापीठांच्या मोठ्या सामायिक मशीनवरून. निक!युझर@होस्ट ही तीन भागांची ओळख त्या काळाची आहे. निक म्हणजे गप्पांतलं टोपणनाव, होस्ट म्हणजे विद्यापीठाचं मशीन, आणि युझर म्हणजे त्या मशीनवरचं लॉगिन. ते लॉगिन खरं की खोटं हे विचारायला आयडेंट नावाचा प्रोटोकॉल होता, इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांपैकी (आरएफसी) क्रमांक १४१३, फेब्रुवारी १९९३. उत्तर त्या मशीनच्या प्रशासकाच्या ताब्यातलं असायचं, म्हणून त्याला वजन होतं. आज माणूस ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभा राहून फोनवरून येतो. त्याच्या फोनवर असं उत्तर देणारं कुणी नसतं, आणि युझर या जागी काय लिहायचं ते तो स्वतःच ठरवतो.

त्यामुळे कुठलीही खूण हाती आली की दोन प्रश्न विचारावेत. ही बदलायला त्याला किती कष्ट पडतील? आणि ही खूण आणखी किती निरपराध लोकांच्या अंगावर आहे?

निक बदलायला काहीच लागत नाही. युझर आणि रियलनेम (खऱ्या नावाचा रकाना) बदलायला सेटिंगमध्ये जावं लागतं, इतकंच. टीएलएस सर्टिफिकेटचा, म्हणजे जोडणीबरोबरच्या डिजिटल ओळखपत्राचा, ठसा एरवी भक्कम असतो, पण नवं सर्टिफिकेट फुकटात आणि क्षणात बनतं. खातं नवं काढता येतं, पण ई-मेलची पडताळणी ठेवली असेल तर थोडा त्रास पडतो. आयपी पत्ता तेवढा त्याच्या हातात नसतो, पण तो त्याच्या एकट्याचाही नसतो.

इथेच सगळी मेख आहे. जी खूण माणूस स्वतः निवडतो, ती त्याला आत घ्यायला उत्तम, कारण प्रामाणिक माणूस ती जपून ठेवतो. बाहेर ठेवायला ती कुचकामी, कारण लबाड माणूस ती टाकून देतो. जी खूण माणूस निवडत नाही, ती बाहेर ठेवायला उपयोगी, पण तिच्याबरोबर शेजारीही बाहेर जातात. म्हणून टिकाऊ उपाय एका खुणेवर उभा राहत नाही. बंदी न निवडलेल्या खुणेवर घालायची आणि सूट निवडलेल्या खुणेवर द्यायची.

आयपीवर बंदी घातली आणि अर्धी ऐरोली बाहेर गेली

आयपीव्ही४ पत्ते कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, म्हणून मोबाइल कंपन्या आणि पुष्कळ ब्रॉडबँडवाले एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवला आहे. आपण त्यात आहोत का हे सभासदाला घरीच बघता येतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर बाहेरचा पत्ता तो इतरांबरोबर वाटून घेतोय. सर्व्हरला फक्त बाहेरचा पत्ता दिसतो. तिथे झेड-लाइन, म्हणजे नुसत्या आयपी पत्त्यावरची सर्व्हरची बंदी, लावली की शिव्या देणाऱ्याबरोबर त्या पत्त्यामागचे सगळेच बंद. तो मात्र फोन विमान मोडवर टाकून काढतो, त्याला दुसरा पत्ता मिळतो आणि तो परत येतो. अडकून राहतात ते बाकीचे, कारण त्यांना यातलं काही ठाऊकच नसतं.

कोपरखैरणे-घणसोलीत भाड्याच्या खोलीत चार-पाच मुलं एका वाय-फायवर राहतात, तिथेही हेच होतं. तिथे तर एकमेकांचे मित्रच एकमेकांमुळे बंद पडतात आणि खोलीत भांडणं लागतात.

आयपीव्ही६ वर चूक उलट्या बाजूने होते. भारतात मोबाइल इंटरनेटवर आयपीव्ही६ आता सर्रास आहे. फोनला सहसा अख्खा /६४ पट्टा, म्हणजे पहिला अर्धा भाग सारखा असलेले सगळे पत्ते, मिळतो आणि पत्त्याचा मागचा अर्धा भाग फोन स्वतःच अधूनमधून बदलत राहतो. ही गोपनीयतेची चांगली सोय आहे; आरएफसी ३०४१ ने ती २००१ मध्ये मांडली आणि २००७ च्या आरएफसी ४९४१ ने व २०२१ च्या आरएफसी ८९८१ ने ती सुधारली. पण ऑपरेटरने लॉगमधला पूर्ण पत्ता उचलून त्यावर बंदी घातली तर तो पत्ता उद्या कुणाचाच नसतो. बंदी यादीत शोभेला राहते. आयपीव्ही६ वर बंदी घालायची तर /६४ वरच घाला (जी-लाइन म्हणजे पूर्ण नेटवर्कवरची बंदी, १डी म्हणजे एक दिवस):

/जीलाइन *@पत्त्याचे-पहिले-चार-गट::/६४ १डी कारण

आणि हेही लक्षात ठेवा की एकाच फोनला दोन्ही प्रकारचे पत्ते असू शकतात. आयपीव्ही६ बंद झालं की क्लायंट (गप्पांचं ॲप) गुपचूप आयपीव्ही४ वरून येतो. "बंदी लागलीच नाही" असं वाटलं तर आधी तो कुठल्या वाटेने आला ते बघा.

चॅनल ऑपरेटरांना खरा आयपी दिसत नाही, झाकलेला होस्ट दिसतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या झाकलेल्या होस्टमध्येही अर्थ असतो. आयपीव्ही४ साठी तो तीन तुकड्यांचा आणि शेवटी आयपी असा असतो. पहिला तुकडा पूर्ण पत्त्याचा, दुसरा पत्त्याच्या पहिल्या तीन आकड्यांचा, तिसरा पहिल्या दोन आकड्यांचा. आयपीव्ही६ साठी तिसरा तुकडा पहिल्या चार गटांचा, म्हणजे नेमका /६४ चा. तेव्हा आयपीव्ही६ वाल्याला चॅनलमध्ये बंद करायचं तर पहिले दोन तुकडे ताऱ्याने झाका (* म्हणजे तिथे काहीही चालेल) आणि तिसरा ठेवा. +बी म्हणजे चॅनलची बंदी:

/मोड #कट्टा +बी *!*@*:तिसरा-तुकडा:आयपी

हाच प्रकार आयपीव्ही४ वर केलात तर पहिल्या दोन आकड्यांचा पूर्ण पट्टा, म्हणजे ६५,५३६ पत्ते बंद होतील. तिथे तसं करू नका.

मऊ बंदी, आणि तिच्यातला खड्डा

सामायिक पत्त्यावर आमच्याकडे जे चालतं ते असं. जी-लाइन लावताना मास्कच्या, म्हणजे ज्या नमुन्याशी जुळणाऱ्यांना बंदी लागते त्याच्या, आधी टक्क्याचं चिन्ह लावायचं:

/जीलाइन %*@पत्ता ३डी या पत्त्यावरून येताना खात्याने लॉगिन करा

टक्क्यामुळे बंदी मऊ होते. त्या पत्त्यावरून येणाऱ्याने जोडणी होतानाच, एसएएसएल या पद्धतीने, स्वतःच्या खात्यात लॉगिन केलं असेल तर त्याला बंदी लागत नाही. बाकीच्यांना लागते. शेजारी सुटतो आणि त्रास देणाऱ्यासमोर खातं काढण्याचा अडथळा उभा राहतो. खातं काढून आला तरी हरकत नाही, कारण आता त्याचं खातं हीच खूण हातात असते.

यातली नेहमीची तक्रार अशी: "माझं खातं आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी मला बंदीच दिसते." बहुतेक वेळा तो माणूस आत आल्यावर निकसर्व्हला (ॲनोपच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेला) पासवर्ड पाठवत असतो, किंवा त्याचा क्लायंट तसं करत असतो. मऊ बंदी तपासली जाते ती दारात, जोडणी पूर्ण होण्याच्या क्षणी. आत आल्यावर पासवर्ड द्यायचा तर आत यावं लागतं, आणि तिथेच तर अडलंय. क्लायंटच्या सर्व्हर सेटिंगमध्ये लॉगिनची पद्धत एसएएसएल प्लेन निवडून त्याच्या रकान्यांत खात्याचं नाव आणि पासवर्ड भरला की प्रश्न मिटतो. फोनवरच्या क्लायंटमध्ये हे सेटिंग ॲडव्हान्स्डमध्ये खोल कुठेतरी दडलेलं असतं, म्हणून सभासदाला स्क्रीनशॉट मागा आणि कुठे दाबायचं ते दाखवा. फोनवर समजावून ते कुणाला कळत नाही.

दोन गोष्टी आणखी. झेड-लाइन मऊ होऊ शकत नाही, कारण ती लॉगिनची वेळ येण्याआधीच जोडणी तोडते. तेव्हा जिथे शेजाऱ्यांना सूट द्यायची आहे तिथे झेड-लाइन लावूच नका. ती फक्त बॉटच्या लोंढ्यासाठी ठेवा. आणि ॲनोप बंद पडलं असेल तर एसएएसएल चालत नाही, मऊ बंदी सगळ्यांसाठी कडक होते. एकदम चार-पाच जण "आज अचानक बॅन झालो" म्हणाले, तर बंदीच्या यादीत शोधत बसण्याआधी सर्व्हिसेस, म्हणजे ॲनोप, जिवंत आहेत का ते बघा.

जुन्याजाणत्या सभासदाला कायमची सूट द्यायची तर खात्याच्या नावाने ई-लाइन (केजी, इंग्रजीत के लहान आणि जी मोठं, म्हणजे के-लाइन आणि जी-लाइन या बंद्यांतून सूट; ० म्हणजे मुदत नाही):

/ईलाइन ~अकाउंट:खात्याचं-नाव केजी ० ओळखीचा सभासद

चॅनलपुरती सूट हवी असेल तर मोड +ई मध्ये तेच ~अकाउंट: लिहायचं. पत्त्यावर सूट देऊ नका. आज जो पत्ता त्या सभासदाचा, तो उद्या दुसऱ्या कुणाचा तरी असेल.

रियलनेमवर बंदी: देवनागरी असेल तर जपून

रियलनेम हे खरं तर कुणाला बाहेर ठेवायला फार कच्चं साधन आहे. पण जाहिरातबाज बॉटवर ते छान चालतं, कारण बॉट निक आणि पत्ता सारखा बदलतात आणि रियलनेम बदलायला विसरतात. आमच्याकडे "घरबसल्या नोकऱ्या मिळवा" असं रियलनेम घेऊन येणाऱ्यांचा एक काळ त्रास होता. त्यावर पहिली बंदी कुणालाही सुचेल अशीच होती:

/मोड #कट्टा +बी ~रियलनेम:*नोकऱ्या_मिळवा*

अंडरस्कोअर बरोबर आहे. मोडच्या कमांडमध्ये मोकळी जागा टाकली की मास्क तिथेच तुटतो, म्हणून या सर्व्हरवर अंडरस्कोअर हा मोकळ्या जागेलाही जुळतो आणि अंडरस्कोअरलाही. तरी ही बंदी एकदाही लागत नव्हती. दोन कारणं होती आणि दोन्ही बघण्यासारखी आहेत.

पहिलं लांबीचं. या सर्व्हरवर रियलनेमला ५० बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, हलंत वेगळा, असं प्रत्येकी ३ बाइट घेतं. "घरबसल्या नोकऱ्या" यात अशी १५ चिन्हं आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ४६ बाइट. पुढे मोकळी जागा आणि "म" बसला की ५० भरले. सर्व्हरकडे साठवलेलं नाव "घरबसल्या नोकऱ्या म" एवढंच असतं. "मिळवा" हा शब्द तिथे पोचतच नाही, तर त्याला मास्क जुळणार कसा? म्हणून जाहिरातीचा मजकूर पाहून मास्क लिहू नका. हूइज (सभासदाची माहिती दाखवणारी कमांड) करून सर्व्हरने काय साठवलंय ते पाहा आणि मास्कच्या शेवटी तारा ठेवा.

दुसरं कारण "ऱ्या"चं. ही जोडी तीन प्रकारे लिहिता येते आणि डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात. एका प्रकारात युनिकोडचं स्वतंत्र ऱ, हलंत आणि या. इन्स्क्रिप्टवर ऱ ला वेगळी कळ आहे, तिथून हे येतं. दुसऱ्यात साधा र, खाली नुक्ता, मग हलंत आणि या. तिसऱ्यात साधा र, हलंत, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि या. सर्व्हर बाइट जुळवतो, आकार जुळवत नाही. ऑपरेटरने एका पद्धतीने लिहिलं आणि बॉटने दुसऱ्या, तर स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी दिसतील आणि बंदी मात्र लागणार नाही. मराठीत ही अडचण नोकऱ्या, दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्या अशा रोजच्या शब्दांत येते.

प्रश्नचिन्हाने एक अक्षर सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही, कारण आमच्या सर्व्हरवर प्रश्नचिन्ह एका बाइटपुरतंच असतं. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन लागतील, आणि न दिसणारा जॉइनर आणखी तीन खाईल. उपाय सोपा आहे. शब्दाचा तो भाग मास्कमध्ये घेऊच नका:

/मोड #कट्टा +बी ~रियलनेम:*घरबसल्या_नोक*

ही तिन्ही प्रकारांना जुळते. जाहिरात पूर्ण नेटवर्कवर येत असेल तर हाच मास्क जी-लाइनला देता येतो, किंवा ॲनोपच्या एसएनलाइनमध्ये (रियलनेमवरच्या बंदीच्या यादीत) टाकता येतो.

एक कळकळीची सूचना. रियलनेममध्ये आडनाव असेल तर आडनावावर बंदी कधीही घालू नका. ठाणे-नवी मुंबईत *पाटील* किंवा *म्हात्रे* असा मास्क टाकणं म्हणजे गावंच्या गावं दाराबाहेर उभी करणं आहे. सोयीपेक्षाही मोठा मुद्दा असा की आडनाव, गाव, जात, भाषा यांवरून माणसाला बाहेर काढणारी यादी कुठल्याच सर्व्हरवर असू नये, मग ती चुकून का झालेली असेना. मास्क टाकण्याआधी तो आत बसलेल्यांपैकी कुणाकुणाला जुळतो हे पडताळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वेब क्लायंटचंही तेच. काही वेब क्लायंट सगळ्यांच्या रियलनेममध्ये स्वतःचंच नाव टाकतात. त्या नावावर बंदी म्हणजे ब्राउझरमधून येणारे सगळेच बंद.

युझर आणि त्याच्यापुढची लाट

ज्या सर्व्हरवर आयडेंटची तपासणी चालू असते तिथे उत्तर न देणाऱ्याच्या युझरपुढे ~ ही लाटेसारखी खूण लागते. म्हणून *!वाटसरू@* ही बंदी ~वाटसरू ला जुळत नाही. *!*वाटसरू@* लिहा. याहून जास्त वेळ या खुणेवर घालवू नका. ती खऱ्या कामाची आहे ती बाउन्सरवर, म्हणजे सभासदांच्या वतीने सतत जोडलेल्या राहणाऱ्या मधल्या मशीनवर: एका बाउन्सरवरून दहा जण एकाच पत्त्याने येतात, तिथे बाउन्सर चालवणारा आयडेंट नीट ठेवत असेल तर त्यांतला एकच जण वेगळा काढता येतो.

बंदी यादीत दिसते, पण लागू होत नाही

मास्क बरोबर आहे याची खात्री झाली, तरी माणूस बोलतोच आहे, असं झालं तर पुढच्या जागा तपासा.

त्याला व्हॉइस (चॅनलमध्ये बोलायची खास परवानगी) दिलेला असेल. बंदी असली तरी व्हॉइसवाल्याला बोलता येतं. आधी मोड -व्ही करा. +ई च्या यादीत एखादी जुनी ऐसपैस सूट पडून असेल, ती बंदीवर मात करते. शिवाय +बी मुळे आत बसलेला माणूस आपोआप बाहेर जात नाही. त्याचं बोलणं थांबतं, ऐकणं चालूच राहतं. बाहेर काढायला किक वेगळी.

सगळ्या जुन्या बंद्या एका रात्रीत निष्प्रभ झाल्या असतील तर क्लोक की बदलल्या आहेत का ते विचारा. झाकलेला होस्ट या गुप्त किल्ल्यांवरून बनतो. मशीन हलवताना किंवा कॉन्फिग नव्याने लिहिताना कुणी नव्या किल्ल्या टाकल्या की प्रत्येकाचा झाकलेला होस्ट बदलतो. यादीतले जुने मास्क तसेच राहतात आणि कुणालाच जुळत नाहीत. यावर काहीही सूचना येत नाही, म्हणून हे शोधायला सगळ्यात अवघड. जुन्या किल्ल्या बॅकअपमध्ये असतील तर त्याच परत टाका. किल्ल्या फुटल्याच असतील तर यादी पुसून नव्याने करण्याला पर्याय नाही.

बंद्या रोज सकाळी गायब होत असतील तर चॅनल पहाटे रिकामं होतंय. शेवटचा माणूस गेला की चॅनल संपतं आणि त्याची यादीही संपते. सकाळी पहिला येणारा नवं कोरं चॅनल उघडतो. सर्व्हर प्रशासकाकडून मोड +पी, इंग्रजीतलं मोठं, लावून घ्या, किंवा ॲनोपचा बॉट चॅनलमध्ये कायम बसवा.

याच्या उलटही होतं: बंदी उठवली तरी तो आला की पुन्हा लागते. त्याचं नाव चॅनसर्व्हच्या (ॲनोपच्या चॅनल सांभाळणाऱ्या सेवेच्या) अकिक, म्हणजे आपोआप बाहेर काढायच्या, यादीत असतं. ती यादी चॅनलच्या बंदीयादीहून वेगळी आहे. तिथून काढल्याशिवाय सुटका नाही.

ब्राउझरवाले सगळे एकदम बंद

लॉगमध्ये वेबवरून येणारे सगळे एकाच पत्त्यावरचे दिसत असतील तर तो गेटवेचा स्वतःचा पत्ता आहे, आणि कुणीतरी त्यावरच बंदी घातली आहे. ती आधी काढा. मग गेटवे आणि सर्व्हर दोन्हीकडे वेबआयआरसी नीट जुळवा, म्हणजे गेटवे प्रत्येकाचा खरा पत्ता पुढे देईल. हे जुळेपर्यंत वेबवाल्यांवर पत्त्याने बंदी घालू नका.

कुठलीच खूण हाती लागत नसेल तेव्हा

असे दिवस येतात. समोरचा दर थोड्या वेळाने पत्ता बदलतो, नाव बदलतो, एकही धागा सापडत नाही. अशा वेळी ऑपरेटर चिडून मोठमोठे पट्टे बंद करत सुटतो आणि तासाभरात चॅनल ओसाड करून ठेवतो. त्या माणसाला हवं होतं तेच होतं.

त्यापेक्षा दाराची पायरी थोडी उंच करा. मोड +एम, इंग्रजीतलं मोठं, लावलं की खात्याने लॉगिन केलेल्यांनाच किंवा व्हॉइसवाल्यांनाच बोलता येतं. बाकीचे आत येऊन वाचू शकतात. मोड +आर, हेही मोठंच, लावलं की खात्याशिवाय आतच येता येत नाही. मी आधी +एम कडे जातो. नवा माणूस, विशेषतः कॉलेजचं पहिल्या वर्षाचं मूल, आधी चार दिवस नुसतं वाचतं आणि मग धीर करून प्रश्न विचारतं. त्याच्या तोंडावर दार लावायला मन होत नाही. त्रास थांबला की मोड काढून टाका.

एखाद्यालाच गप्प करायचं असेल तर ~क्वाएट: वापरा, आणि रागाच्या भरात झालेल्या भांडणाला ~टाइम: ने मुदत द्या, त्यात मिनिटं लिहायची असतात:

/मोड #कट्टा +बी ~टाइम:१२०:~क्वाएट:*!*@होस्ट

दोन तासांनी ती आपोआप उठते. कायमची बंदी घातली की ती का घातली होती हे काही महिन्यांनी कुणाला आठवत नाही, आणि यादी अडगळीने भरते.

चॅनलच्या बंदीने खाजगी निरोप थांबत नाहीत, हे सभासदांना मुद्दाम सांगा. चॅनलमधून काढलेला माणूस तिथल्याच एखाद्या मुलीला खाजगीत लिहीत राहतो आणि ऑपरेटरला ते कळतही नाही. त्रास झालेली व्यक्ती बऱ्याचदा काही न बोलता सर्व्हर सोडून जाते. आपल्याला फक्त एक नाव यादीतून कमी झालेलं दिसतं. युझर मोड +आर, पुन्हा मोठं, स्वतःला लावलं की खातं नसलेल्यांचे निरोप येत नाहीत, आणि सायलेन्स कमांडने एखादा मास्क स्वतःपुरता बंद करता येतो. पण एवढ्यावर सोडू नका. असा निरोप कुणी दाखवला तर तो चॅनलचा प्रश्न नाही, सर्व्हरचा आहे. थेट जी-लाइनचा विचार करा, आणि तक्रार करणाऱ्या व्यक्तीला काय केलं ते त्याच दिवशी कळवा.

आपण चुकून अडकलो असाल तर

ऑपरेटरला "मी बॅन झालोय" एवढंच लिहू नका. जोडणी तुटताना आलेली पूर्ण ओळ जशीच्या तशी पाठवा. त्यात जी-लाइन की झेड-लाइन हे लिहिलेलं असतं आणि शोध तिथूनच सुरू होतो. त्याबरोबर वेळ, वाय-फाय होतं की मोबाइल डेटा, क्लायंटचं नाव आणि खातं असल्यास खात्याचं नाव कळवा. पासवर्ड कुणालाही पाठवू नका, ऑपरेटरलाही नाही. स्वतःचा आयपी पत्ता उघड्या चॅनलमध्ये टाकू नका. तो ऑपरेटरला खाजगीत द्या. तोवर वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाऊन बघा. तिकडून आत येता आलं तर बंदी तुमच्यावर नाही, त्या पत्त्यावर आहे. मग आतून खातं काढा, क्लायंटमध्ये एसएएसएल भरा आणि परत वाय-फायवर या. बंदी मऊ असेल तर ऑपरेटर उठायची वाट न बघताच काम होईल.